आदेशांचा ग्रुप आणि शिकण्याचा ग्रुप

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या कुणाही शिक्षकाच्या फोनमध्ये कामाचे अनेक व्हॉट्सॲप ग्रुप असतात. शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा, पालकांचा, संघटनेचा, एखादा विषयमित्रांचा. या ग्रुपांवर दोन अगदी वेगळ्या जातींचे निरोप येत असतात. एक असा : ‘अतितात्काळ. सोबतच्या लिंकवर शाळेची माहिती आज दुपारी तीनपर्यंत भरावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’ दुसरा असा : ‘तिसरीतली मुलं ५२ मधून २८ वजा करताना ३६ लिहितात. काड्यांचे गठ्ठे सोडवून हातच्याची वजाबाकी घेतली, तेव्हा जमलं. पाटीवर आलं की पुन्हा तेच. कुणी काय केलं आहे?’ पहिल्या निरोपावर प्रशासन चालतं, दुसऱ्यातून शिकवणं सुधारतं. दोन्हींची गरज आहे, पण एकाच ग्रुपवर दोन्ही नांदत नाहीत. पहिल्या जातीचे निरोप वाढले की दुसऱ्या जातीचे येईनासे होतात. कामाच्या ठिकाणी शिकण्यासाठी समाजमाध्यमं वापरायची, तर कोणतं ॲप घ्यावं या प्रश्नाच्या आधी आदेश आणि शिकणं वेगळं कसं ठेवावं हा प्रश्न सोडवायला हवा. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. मात्र ते पटवून देण्यासाठी आधी माणसं काम शिकतात कशी, ते पाहावं लागेल.

काम शिकायचं ते प्रशिक्षणात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली एका छोट्या पुस्तकात ही समजूत किती अपुरी आहे ते दाखवलं. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिंपी आहेत, मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या सुईणी आहेत. शिंप्याच्या दुकानातला नवा मुलगा आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, मग शिवण घालायला शिकतो आणि कापड बेतायला सगळ्यात शेवटी. त्याला समोर बसवून कुणी पाठ देत नाही. तो कडेला बसून पाहतो, ऐकतो, बारीकसारीक कामं करतो आणि हळूहळू मधोमध सरकतो. शिकणं म्हणजे काम करणाऱ्यांच्या समूहात सामील होत जाणं, असा या दोघांचा सिद्धांत आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत, बँकांत, इस्पितळांत, शाळांत नोकरी केलेल्या कुणालाही तो पटेल. रुजू झाल्यावर पहिल्या वर्षात जे खरं उपयोगी पडलं, ते बहुतेक शेजारच्या टेबलावरून किंवा डबा खाताना मिळालेलं असतं.

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीत याच गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास झाला. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरले. एखाद्या आदिवासी पाड्यावर राहून अभ्यास करावा, त्याच चिकाटीने त्यांनी या तंत्रज्ञांचा दिवस टिपला. त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी पायऱ्या-पायऱ्यांची पुस्तिका दिली होती. यंत्र अमुक कोड दाखवतं, मग तमुक भाग तपासा, अशी तिची रचना होती. प्रत्यक्षात यंत्रं पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसत. दाखवलेला कोड एका भागाचा आणि खरा दोष भलत्याच ठिकाणी, असं सारखं घडे. अशा वेळी तंत्रज्ञ सहकाऱ्याला बोलावत. दोघं यंत्रापुढे उभे राहून आधीच्या बिघाडांच्या हकिकती एकमेकांना सांगत आणि त्या सांगता सांगता दोष सापडे. सकाळच्या न्याहारीला, जेवणाच्या सुट्टीत याच हकिकती सगळ्यांच्या होत. वरून पाहणाऱ्याला तो रिकाम्या गप्पांचा वेळ वाटला असता. कंपनीचं सगळ्यात मोलाचं ज्ञान मात्र तिथेच तयार होत होतं.

पुढे कंपनीने काही तंत्रज्ञांना वॉकीटॉकी दिले, म्हणजे दूरवर पांगलेली माणसंही एकमेकांचं ऐकू शकतील. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो जवळचा पूर्वज म्हणता येईल. सोय चांगली होती, पण बोललेलं हवेत विरून जाई. त्या वेळी जो ऐकत नसे, त्याच्यापर्यंत काहीच पोचत नसे. म्हणून १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तिचा पहिला मोठा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून पाठवायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची, खरी ठरली तर सगळ्यांसाठी साठवायची, अशी पद्धत होती. या व्यवस्थेतले दोन बारकावे आपल्या कामाचे आहेत. एक, तपासणारे लोक साहेब नव्हते, त्याच कामातले जाणकार होते. दोन, दर युक्तीमागे पैसे द्यावेत असा विचार पुढे आला तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नाकारला. पैसे आले की माणसं संख्या वाढवतील आणि दर्जा घसरेल, हे त्यांना कळत होतं. त्यांना युक्तीखाली स्वतःचं नाव हवं होतं. आपल्या बरोबरीच्या माणसांत आपण जाणकार म्हणून ओळखलं जावं, ही इच्छा शिकण्या-शिकवण्याला किती बळ देते, हे इथे स्पष्ट दिसतं.

आता महाराष्ट्राकडे येऊ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या असंख्य शाळा अशाच दोन शिक्षकांच्या आहेत. दोघांत चार-पाच इयत्ता, आणि त्यातला एक मुख्याध्यापकाच्या कामात किंवा तालुक्याला बैठकीत. झेरॉक्सच्या तंत्रज्ञाला निदान न्याहारीला सहकारी भेटत. या शिक्षकाला वजाबाकीबद्दल बोलायला समोर कुणीच नसतं. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा होते आणि तिचा बराचसा वेळ सूचना ऐकण्यात जातो. मोठी प्रशिक्षणं राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला अशी उतरत येतात आणि दर पायरीवर त्यातला प्रश्न विचारण्याचा भाग गळत जातो. शेवटी उरतात त्या स्लाइड. अशा माणसाच्या हातात शेकडो सहकाऱ्यांशी जोडणारा फोन आला, हा लहान बदल नाही. नोकरीतला एकटेपणा कमी करणारं एवढं स्वस्त साधन शिक्षकांना याआधी मिळालंच नव्हतं, आणि त्याला नुसतं वेळखाऊ खेळणं ठरवणाऱ्यांनी दोनशिक्षकी शाळेतला दिवस एकदा नीट डोळ्यांपुढे आणावा.

या साधनाचा उपयोग करणारे शिक्षक राज्यात भरपूर निघाले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतरच्या काळात एका जिल्ह्यातली शाळा काय करते ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला फोनवर दिसू लागलं. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापून येऊ लागले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. पण क्यूआर कोड आणि दीक्षा यांतून तयार साहित्य पोचतं. त्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही. त्या दृष्टीने ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला ‘तेजस’ हा इंग्रजी शिक्षकांचा प्रकल्प मला अधिक बोधप्रद वाटतो. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने समोरासमोर भेटत, आणि मधल्या दिवसांत तीच चर्चा फोनवरच्या ग्रुपांत चालू राही. भेटीमुळे ओळख होते, ओळखीमुळे ग्रुपवर बोलायचं धैर्य येतं, आणि ग्रुपमुळे पुढची भेट रिकाम्या हाताने होत नाही. नुसत्या ऑनलाइन गटांवर भिस्त ठेवणाऱ्या बहुतेक योजना हा पहिला दुवाच विसरतात.

मग २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जे काम काही उत्साही शिक्षक आपखुशीने करत होते, ते सगळ्यांवर एकदम येऊन पडलं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठवायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. त्याच पाहणीत, आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालं अशी मुलं मात्र एक तृतीयांशाच्या आसपासच होती. फोन घरात असणं आणि त्यातून शिक्षण होणं यांच्यात किती अंतर असतं, हे या दोन आकड्यांतून कळतं. शिक्षकांच्या बाजूनेही त्या काळाचा एक परिणाम मागे राहिला. फोनवरून काम सांगता येतं आणि काम झाल्याचा पुरावा फोनवरूनच मागता येतो, हे सगळ्या पातळ्यांवरच्या यंत्रणेला कळलं.

साथ सरली, सवय राहिली. परिपत्रक टपालाने येण्याऐवजी ग्रुपवर येऊ लागलं, त्यात काहीच वावगं नाही. पण त्यामागोमाग ‘सर्वांनी वाचून ओके करावे’ आलं, उपक्रमाचा फोटो मागणं आलं, फोटो न टाकलेल्या शाळांची यादी आली. यादी सगळ्यांसमोर असते आणि तिच्यातलं नावही सगळ्यांसमोर असतं. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा देत शिक्षक अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर आले, त्यामागे या ऑनलाइन माहितीच्या ओझ्याचा मोठा वाटा होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी कमी पटाच्या शाळांबाबतच्या धोरणाविरुद्ध आंदोलन केलं. त्यात प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपांमधून बाहेर पडणं हे आंदोलनाचं एक हत्यार होतं. जे ग्रुप सोडणं म्हणजे प्रशासनाशी असहकार, ते ग्रुप शिकण्याचे उरले नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

आदेशाने शिकणं का थांबतं, याचं उत्तर हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या कामात मिळतं. १९९० च्या दशकात त्या इस्पितळांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या पथकांत एकमेकांशी संबंध चांगले, पुढारी समंजस, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या पथकांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. नीट पाहिल्यावर कारण समजलं. चांगल्या पथकातली माणसं चूक झाली की सांगत होती, धाकातल्या पथकांत चुका लपत होत्या. १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांच्या अभ्यासातून त्यांनी हे पुढे नेलं. ‘मला हे येत नाही’ असं म्हटल्यावर आपला अपमान होणार नाही, असा भरवसा ज्या गटात असतो, तो गट शिकतो. आता तिसरीच्या वजाबाकीचा प्रश्न घ्या. तो विचारणारा शिक्षक एका अर्थी कबूल करतो की माझ्या वर्गातल्या मुलांना तिसरीत असूनही वजाबाकी येत नाही. ज्या ग्रुपवर गटशिक्षणाधिकारी आहेत, विस्तार अधिकारी आहेत, आणि कालच अप्रगत मुलांची यादी मागितली गेली आहे, तिथे हा प्रश्न कोण टाकेल? तिथे टाकला जाईल तो आकाशकंदील बनवणाऱ्या मुलांचा फोटो. त्या शिक्षकाला दोष देता येणार नाही. तो परिस्थिती अचूक ओळखतो आहे.

यावरचा सगळ्यात सबळ आक्षेप असा की, वरिष्ठ ग्रुपवर असूनही शिकणं घडल्याची उदाहरणं आहेत. आहेतच. केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत आणि माकुएनी भागात आरोग्यसेविका आणि त्यांचे पर्यवेक्षक एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. त्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रुपवर कामाच्या सूचना होत्या, कामाच्या दर्जाची तपासणी होती आणि एकमेकींना धीर देणंही होतं. आपल्याकडच्या आशाताईंच्या कामाशी ही परिस्थिती बरीच जुळते. मग तिथे जमलं ते इथे का नाही? कारण वरिष्ठाच्या नुसत्या हजेरीने गट बिघडत नाही, त्याच्या हातात तिथे काय आहे त्यावर ते ठरतं. लहान गटातला, नावानिशी ओळखीचा पर्यवेक्षक, जो फोटो पाहून ‘पट्टी नीट बांधली आहे, फक्त गाठ बाजूला घ्या’ असं सांगतो, तो शिक्षकच असतो. शेकडो माणसांच्या ग्रुपवर ‘अद्याप माहिती अप्राप्त’ अशी यादी टाकणारा तोच माणूस असला, तरी त्या क्षणी त्याचं नातं बदललेलं असतं. म्हणून अधिकाऱ्यांना शिकण्याच्या ग्रुपातून हाकलावं असं मला म्हणायचं नाही. तिथे त्यांनी मागणी करू नये, यादी लावू नये आणि तिथे बोललेलं मूल्यमापनात वापरू नये. ज्यांना हे पाळता येईल त्यांनी अवश्य यावं. चांगला केंद्रप्रमुख तर अशा ग्रुपचा आधार होऊ शकतो.

दुसरा आक्षेप प्रशासनातले लोक नेहमी घेतात : सक्ती काढली तर कुणी बोलणारच नाही, ग्रुप ओस पडेल. ऑनलाइन समूहांत बहुसंख्य माणसं फक्त वाचतात, थोडी अधूनमधून बोलतात आणि मूठभरच नियमित लिहितात, हे खरं आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये त्यासाठी ९०-९-१ असं ढोबळ प्रमाण सांगितलं होतं. पण गप्प असणं म्हणजे न शिकणं, हे गृहीतच चुकीचं आहे. लायबेरियातला बटणं लावणारा मुलगाही गप्पच असतो. नवा शिक्षणसेवक सहा महिने नुसता वाचत राहिला आणि त्याने वर्गात दोन गोष्टी करून पाहिल्या, तर ग्रुपने आपलं काम केलं. सक्तीने मिळतात ते अंगठे आणि नमस्काराची चित्रं. ज्यांना बोलायचं नव्हतं त्यांच्या प्रतिसादांखाली ज्याला खरंच विचारायचं होतं त्याचा प्रश्न दबून जातो. बोलणाऱ्यांची संख्या वाढवायचीच असेल, तर युरेकाचा धडा समोर आहे. ज्याने युक्ती दिली त्याचं नाव तिच्याबरोबर फिरू द्या. आज शिक्षकाने मेहनतीने बनवलेली कृतिपत्रिका ग्रुपाग्रुपांतून फिरते तेव्हा तिच्यावरचं नाव कुठेतरी कापलेलं असतं, किंवा दुसऱ्याच कुणाचं आलेलं असतं. यासारखं मन मोडणारं दुसरं काही नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला अधिक अस्वस्थ करतो. या ग्रुपांवर शिकणं होतं, की नुसत्या फायली सरकतात? घटक चाचणीची प्रश्नपत्रिका, वार्षिक नियोजन, वर्णनात्मक नोंदी असं सगळं तयार मिळतं, उतरवून घेतलं की काम संपलं. कागदी कामाचा भार पाहता शिक्षकाने ते घेतलं तर त्यात गैर नाही. पण ते शिक्षण नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणारे. वाचलेलं समजल्यासारखं वाटणं फसवं असतं, आणि फॉरवर्ड केलेली पीडीएफ ही त्या फसवणुकीची सोपी वाट आहे. डोक्याला काम पडल्याशिवाय शिकणं होत नाही, ग्रुपवरही नाही.

मग डोक्याला काम पडेल असा ग्रुप कसा असतो? याचं उत्तम उदाहरण समाजमाध्यमांच्या जरा बाहेरचं, पण त्याच कुळातलं आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हेपटायटिस सीचे हजारो रुग्ण होते आणि उपचार जाणणारे तज्ज्ञ जवळपास सगळे विद्यापीठाच्या इस्पितळात होते. तिथले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णाला शहरात आणण्याऐवजी खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणायचं. त्यांनी आपल्या हातातला खरा रुग्ण, नाव न सांगता, मांडायचा. तज्ज्ञांनी आणि इतर डॉक्टरांनी त्यावर प्रश्न विचारायचे. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या शरीरातून विषाणू नाहीसा झाला होता, एकोच्या ठिकाणी ५८.२ टक्के. खेड्यातला डॉक्टर, तज्ज्ञाच्या तोडीचा निकाल! त्यासाठी कुठलं विलक्षण तंत्रज्ञान लागलं नव्हतं. ठरलेली वेळ, हातातलं खरं प्रकरण, त्यावर उलटसुलट प्रश्न, आणि पुढच्या आठवड्यात ‘त्या रुग्णाचं काय झालं?’ ही विचारणा, एवढ्यावर ते उभं राहिलं. शाळेतही हे होऊ शकतं. दर बुधवारी एका शिक्षकाने एका मुलाच्या वहीतल्या चुकीचा फोटो, नाव झाकून, टाकायचा. मूल असं का करत असेल, यावर बाकीच्यांनी अंदाज सांगायचे, उपाय नंतर. ५२ मधून २८ वजा करताना मूल वरच्या दोनातून खालचे आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढतं. हे ज्याने आधी ओळखलं त्याचे उपाय वेगळे असतात, आणि ज्याने त्याला नुसता निष्काळजीपणा समजलं त्याचे वेगळे. पंधरा दिवसांनी त्या शिक्षकाने येऊन सांगायचं की काय लागू पडलं आणि काय नाही.

अशा चर्चेला माणूस लागतो, आणि इथे बहुतेक योजना काटकसर करतात. ग्रुप फुकट असतो, पण तो चालवणं फुकट नसतं. कुणाला तरी प्रश्न निवडावा लागतो, चर्चा भरकटली तर वळवावी लागते, आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे शेवटी निष्कर्ष पानभर लिहून ठेवावा लागतो. व्हॉट्सॲप झऱ्यासारखं वाहतं. गेल्या पावसाळ्यातली उत्तम चर्चा आज रुजू झालेल्या शिक्षकाला सापडत नाही. २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १,०२४ सदस्यांपर्यंत वाढली, तेव्हा अनेकांना ती सोय वाटली, पण हजार माणसांसमोर कुणी आपली अडचण सांगत नाही. बोलण्यासाठी वीस-पंचवीस जणांचा ग्रुप आणि साठवण्यासाठी शोधता येईल अशी वेगळी जागा, ती टेलिग्राम चॅनल असो, गुगल डॉक असो की केंद्राची सामायिक वही, अशी विभागणी केली तर झेरॉक्सला वॉकीटॉकीनंतर जे उमगलं ते आपल्याला नव्याने शोधावं लागणार नाही. खासगी कंपन्यांतही चित्र वेगळं नाही. तिथे स्लॅक किंवा टीम्सवर विषयवार चॅनल असतात, तरी त्यांची निगा राखणारा माणूस कामाच्या वेळेत नेमलेला नसेल तर काही महिन्यांत तिथे फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा उरतात.

अफवा आणि खासगीपणा या दोन धोक्यांकडे मात्र घाईने पाहून चालणार नाही. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. फोनवरून फिरणाऱ्या संदेशांनी त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी असे बळी घेतले आणि व्हॉट्सॲपला भारतात फॉरवर्ड करण्यावर पाच चॅटची मर्यादा घालावी लागली. शिक्षक, आरोग्यसेविका, कृषी सहायक ही गावातली विश्वासाची माणसं असतात; त्यांच्या ग्रुपवरून आलेली चुकीची गोष्ट गाव अधिक सहज मानतं. म्हणून आरोग्याचा सल्ला, औषधाचं प्रमाण, फवारणीचं मिश्रण असं काही ग्रुपवर आलं तर जाणकाराने तपासल्याची नोंद त्याखाली असल्याशिवाय ते पुढे जाऊ नये. रुग्णाचा आणि मुलाचा चेहरा, नाव, जात, आजार ग्रुपवर येऊ नये, हा नियम तर कोणत्याही कायद्याआधी साध्या सभ्यतेचा आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नंतरचा. अॅडमिन होण्याची भीती मात्र थोडी कमी व्हायला हरकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही.

आणि वेळेचा प्रश्न. रात्री दहा वाजता वाजणारा फोन माणसाला शिकवत नाही, थकवतो. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्याच हेतूचं खासगी विधेयक मांडलं होतं. शिकणं आपलं आपण करायचं असतं, त्याला वेळेचं बंधन कशाला, असं म्हणणारे लोक या बाबतीत स्त्रियांचा विचार करत नाहीत. शाळेतून घरी गेल्यावर जिची दुसरी पाळी सुरू होते, ती शिक्षिका रात्री नऊच्या चर्चेत येऊ शकत नाही. मग ग्रुपवर बोलणारे बहुतेक पुरुष राहतात, आणि जाणकार म्हणून नाव होतं तेही त्यांचंच. चर्चा शाळेच्या वेळेत ठेवली तर निम्मा वर्ग परत मिळतो.

राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं आहेत आणि केंद्राची शिक्षण परिषद आधीपासून चालू आहे. नवं व्यासपीठ, नवं ॲप, नवं पोर्टल यांतलं काहीही लागणार नाही. प्रत्येक केंद्राने दोन ग्रुप ठेवावेत. पहिल्यावर फक्त परिपत्रकं, आणि तिथे फक्त कार्यालयाने लिहावं. ती सोय व्हॉट्सॲपमध्ये आहेच. दुसऱ्यावर फक्त वर्गातले प्रश्न, आणि तिथे माहिती मागायला लेखी मनाई. शिक्षण परिषदेचा पहिला तास या दुसऱ्या ग्रुपवर महिनाभरात चर्चिलेल्या एका प्रश्नाला द्यावा, सूचना त्यानंतर. ग्रुप सांभाळणाऱ्या आणि महिन्याचं पान लिहिणाऱ्या एका शिक्षकाला आठवड्यातले दोन तास कामाचे म्हणून धरावेत, आणि त्या पानावर ज्यांच्या युक्त्या आहेत त्यांची नावं छापावीत. यासाठी एका शासन निर्णयात चार ओळी पुरतील. त्यातली पहिली तीन कलमं बिनखर्चाची आहेत. चौथ्याला शिक्षकाचा वेळ लागतो, आणि रिक्त जागांच्या या काळात तो कुठून काढायचा, हे शिक्षण विभागाला ठरवावं लागेल.